गिनीपिगाच्या गळ्यातली गाठ

फ्लोरिपेसच्या अंगणात माणूस मावत नव्हता. रुंद गवती टोप्यांचे काठ एकमेकांवर आपटत होते. मधोमध माएस्त्रो वेनान्सियो, त्या डोंगरपट्ट्यातला नावाजलेला वैदू, काळा गिनीपिग फ्लोरिपेसच्या छातीवरून फिरवत होता.

"सोड रे आजारा, सोड ही बाई! मुकं जनावर तुझं घर!"

तोंडातली उसाची दारू त्याने फुर्रकन फवारली. गिनीपिगाने आचके दिले आणि मान टाकली. माएस्त्रोने कातडं सोललं, पाण्याच्या वाडग्यात धरलं, आणि सगळे बघायला वाकले. गळ्याखाली चिमुकल्या बटाट्याएवढी गाठ!

"आली! बाईची गाठ जनावरात आली!"

बायका रडल्या, फ्लोरिपेसही रडली. "मग आता बुधवारी शहरात जायला नको ना, माएस्त्रो?"

"चाकू कशाला लावून घ्यायचा आता?"

तिची भाची नेलिदा वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. मावशीच्या गाठीचा तुकडा तपासून झाला होता. कर्करोगच होता, आणि बुधवारी शस्त्रक्रिया ठरली होती. तीन आठवडे पोरीने घसा कोरडा केला. कागदावर पेशी काढून दाखवल्या. मावशीने त्या कागदात मीठ बांधून ठेवलं.

आता मात्र नेलिदाचा संयम सुटला. "माएस्त्रो, छातीची गाठ गळ्यात कशी हो?"

"बाहेर पडायच्या वाटेवर होती, पोरी. मी धरली."

"अगं बाई," शेजारची पास्तोरा म्हणाली, "आमच्या ह्यांचं पोट दुखत होतं, तेव्हाही गळ्यातच निघाली होती!"

"माझा तर गुडघा होता," कुणीतरी पुटपुटलं.

नेलिदाने वाडगा ओढला, सुरी उचलली.

"कापू नकोस! आजार तुझ्यात शिरेल!"

"शिरू दे." तिने गाठ चिरली. आतून लोण्यासारखा घट्ट पू आला. "मावशी, बघ. हा पू. आणि त्याभोवती ही पांढरी, चिवट साल दिसते? आत जंतू शिरले की शरीर त्यांना कोंडायला धागा धागा विणत ही भिंत उभी करतं. त्याला काही आठवडे लागतात. ह्यांनी जनावर फिरवलं किती वेळ? भात शिजेपर्यंतही नाही!"

फ्लोरिपेस वाकली. तिच्या चुलीशेजारी वीस गिनीपिग होते. जन्म त्यांच्यात गेला होता. तिने सुरीच्या टोकाने साल दाबून पाहिली.

"असली गाठ आली की मी जनावर वेगळं काढते," ती सावकाश म्हणाली. "नाहीतर सगळ्यांना होते. माएस्त्रो, म्हणूनच का तुम्हाला आमच्या घरचं जनावर चालत नाही, दर वेळी स्वतःचंच आणता?"

"अविश्वासी माणूस जवळ असला की विद्या चालत नाही!" माएस्त्रो पोतडी आवरू लागला. दोघी-तिघींनी नेलिदाकडेच रागाने पाहिलं. तिला वाटलं, डोकं भिंतीवर आपटावं.

"तुझ्या गाठीला अशी भिंतच नाही गं, मावशी. म्हणूनच भीती. ती आजूबाजूच्या मांसात बोटं रोवत जाते, रक्तातून दूर जाऊन घर करते. अजून तशी गेलेली नाही. माझं ऐकू नकोस, त्यांचंही नको. स्वतः चाचपून बघ, गेली का."

इतक्या गर्दीत हे एवढं कुणालाच सुचलं नव्हतं. फ्लोरिपेसने शालीखाली हात घातला. तिची बोटं थांबली.

"आहे," ती म्हणाली. "तिथंच आहे."

माएस्त्रो फाटकापर्यंत पोचला होता. त्याला कुणी अडवलं नाही; दोघंजण तर पुढच्या रविवारची वेळ विचारत मागे गेले.

बायांनो, बाप्यांनो, चमत्कार पाहून रडायच्या आधी फक्त एवढं करा: जिथं दुखतं तिथं आपलाच हात लावून बघा, आणि दाखवलेली गाठ कधीची आहे ते विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. न विचारल्याने मात्र गाठ वाढते.

फ्लोरिपेसने शाल घट्ट ओढून घेतली. "नेलिदा, बुधवारी उपाशीपोटी जायचं म्हणालीस ना? पाणी तरी चालतं का गं?"