बावखलावरच्या रहाटाची करकर

मी एक जुना रहाट आहे. मित्रांनो, बोळिंजजवळच्या एका वाडीत, बावखलाच्या काठी मी सध्या आडवा पडलो आहे. बावखल म्हणजे बागेला पाणी देणारे आमच्याकडचे लहान तळे.

सुताराने मला सागापासून घडवले आणि दोन दगडी खांबांवर माझा आस बसवला. डोळ्यांना झापड लावलेला रेडा गोल फिरे, मी फिरे, आणि मातीचे लोटे एकामागून एक पाणी वर आणत. माझ्या पाण्यावर केळी आणि पानवेली वाढल्या. "ऑगस्टीनचं बावखल उन्हाळ्यातही आटत नाही," असे शेजारी म्हणत, तेव्हा मला अभिमान वाटे.

ते का आटत नाही, हे मात्र कोणी विचारले नाही. जमिनीखालचा खडक एखाद्या रेषेत तुटून सरकला, की तिथे त्याचा चुरा होतो आणि पाण्याला वाट मिळते. म्हणून नद्या, झरे, तळी पुष्कळदा अशा रेषेवर सापडतात. शास्त्रात तिला भ्रंशरेषा म्हणतात. माझा एक खांब तिच्या अलीकडे होता, दुसरा पलीकडे.

जगातली दुसरी मोठी लढाई संपली त्या साली मी करकरू लागलो. प्रत्येक फेरीत, एकाच जागी. पलीकडचा खांब किंचित खचला होता. पण ज्याचा रहाट करकरतो तो बागाईतदार आळशी, असे आमच्या वाडीत मानत. माझा मालक ऑगस्टीन याने आसाला खोबरेल घातले. करकर थांबली, खांब खचतच राहिला.

उन्हाळ्यात बावखलातला गाळ काढून केळींच्या बुंध्याशी घालतात. एका वर्षी गाळाखाली लांब भेग दिसली. गाळ उचलणाऱ्या भागूबाईने तीत पाय घातला.

"पानी कोमट हाय गो बाय. पत्ती टाका नि च्या प्या."

"खेकड्यांची बिळं ती," ऑगस्टीन म्हणाला. "बुजवा."

त्याची बायको उर्सुला काठावर उभी राहून पाहत होती. भेग नव्या खोलीच्या दिशेने गेली होती. ती खोली त्यांच्या लेकीच्या, फ्लॉसीच्या बाळंतपणासाठी बांधली होती.

पुढच्या थंडीत फ्लॉसी तिथे बाळंत झाली. एका दुपारी माझे लोटे एकाएकी गढूळ पाणी आणू लागले. उर्सुलाने पाटात हात घातला. पाणी कोमट होते, भेगेतल्या पाण्यासारखे; खाली काहीतरी सरकत होते. ती सरळ खोलीत गेली.

"ऊठ. बाळाला घे आणि चिंचेखाली चल."

"आई, अजून चाळीस दिवस झाले नाहीत."

ऑगस्टीन दारात आला. "ओल्या बाळंतिणीला वाऱ्यात काढतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुम्ही आधी पाणी बघून या."

कुरकुरत तो माझ्यापाशी आला आणि वाकून त्याने पाटात हात घातला. तेवढ्यात जमीन हादरली. खचलेला खांब कलंडला, माझा आस मोडला. मागे नव्या खोलीची भिंत रिकाम्या खाटेवर कोसळली. चिंचेखाली फ्लॉसी बाळाला छातीशी धरून उभी होती. उर्सुलाच्या लुगड्याचा पदर दोघांवर होता.

ऑगस्टीनने भिंत पुन्हा बांधली, अधिक जाड, पण त्याच जागी. पाया तयार होता ना. माझ्या जागी तेलाचे इंजिन आले. त्याच्या धडधडीत दुसरे काही ऐकू येत नाही. पाणी अजून आटत नाही, आणि शेजारी अजून कौतुक करतात. सुट्टीत आलेला नातू त्याच खोलीत झोपतो, कारण ती सर्वांत गार आहे.

मी भेगेवर आडवा पडलो आहे. पूर्वी माझ्याखाली बोट शिरत नव्हते, आता मूठ मावते. मित्रांनो, करकर ऐकली की तेल शोधण्याआधी कारण शोधा.

उर्सुला रोज पाटात हात घालून पाहते. आज तिने हात काढला, पदराला पुसला आणि नातवाचे अंथरूण उचलून चिंचेखाली नेले.

ऑगस्टीनने इंजिन थांबवले नाही.