गरम झऱ्याचं पाणी प्यायलेलं इंजिन

होय, मीच बोलतोय, जपानचं विजेचं इंजिन. ईएफ अठ्ठावन्न हे आमच्या कुळाचं नाव. चाकांच्या सहा जोड्या ओढायला, चार नुसता भार पेलायला, असा मी धिप्पाड गडी. पण जन्म युद्धानंतरच्या टंचाईतला. तांबं नाही, धड पोलाद नाही, खोक्यासारखं अंग घेऊन रुळावर आलो. त्यात मोठी लाज म्हणजे डब्यांना ऊब द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. वाफेची इंजिनं आपली वाफ मागच्या डब्यांत सोडायची. माझ्या गाडीतले लोक कोटात कुडकुडत मला शिव्या घालायचे.

काही वर्षांनी कारखान्यात मला लांब, गोलसर नवं अंग मिळालं आणि पोटात तेलावर जळणारा बॉयलर बसवला. विजेचं इंजिन आणि पोटात पाणी उकळतंय! पण तेव्हापासून माझ्या गाडीत म्हाताऱ्या निवांत डुलक्या घेऊ लागल्या. वेगापेक्षा मला याचाच अभिमान जास्त.

पुढे बर्फाच्या मुलखातल्या घाटात नेमणूक झाली. चालक हिरासे पांढऱ्या हातमोज्यातलं बोट सिग्नलवर रोखून "हिरवा!" असं खणखणीत ओरडायचे. बॉयलर सांभाळायचा इवाबुची. वीस वर्षं नोकरी झालेला, अबोल माणूस.

एकोणीसशे त्रेसष्टच्या जानेवारीत, भर दुपारी, आम्ही युनोहारा नावाच्या चिमुकल्या स्टेशनात अडकलो. पुढे रुळांवर बर्फाची दरड कोसळली होती. तारेत वीज होती, टाकीत तेल होतं, पण बॉयलरचं पाणी संपत आलं आणि स्टेशनचे नळ गोठलेले. तिसऱ्या डब्यात माहेरी बाळंत होऊन सासरी निघालेली एक बाई होती, सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन. इवाबुची दर पाच मिनिटांनी तिथे डोकावून यायचा.

तेवढ्यात सगळं गाव मदतीला धावून आलं. पुढे गरम झऱ्यावरच्या विश्रामगृहाची मालकीण तोमे आजी, मागे न्हाणीघरातल्या लाकडी बादल्या घेतलेल्या बायाबापड्यांची रांग.

"घ्या! आमच्या झऱ्याचं पाणी. गोठायचं नाव नाही. आणि आयतं गरम, तुमचं तेल वाचेल!"

हिरासेंनी इवाबुचीला बाजूला ओढलं. "अरे, क्षारांनी भरलेलं पाणी हे. नळ्या चोंदतील, बॉयलर कायमचा जाईल. साहेब तुला फाडून खातील."

"माहीत आहे."

"मग नको म्हण ना!"

"हिरासेसान, बर्फ वितळवून किती पुरणार? दुसरं पाणी दाखवा, लगेच नको म्हणतो."

"कुजबुज कसली चाललीय?" आजी गरजल्या. "या पाण्यानं माझे गुडघे बरे झाले. लोखंडाला काय धाड भरलीय?"

इवाबुची कमरेत वाकला. "आजी, फार उपकार झाले." मग टाकीचं झाकण उघडताना माझ्या अंगावर हात ठेवून पुटपुटला, "सोस रे थोडं."

मी सोसलं. तासातासाला नळ्या चोंदत गेल्या, पण वाफ मागे जात राहिली. संध्याकाळी बर्फ हटवणारी गाडी आली तेव्हा ते लेकरू आईच्या कुशीत झोपलं होतं, गाल लाल करून. घाट उतरलो आणि बॉयलरनं मान टाकली.

चौकशी झाली. पाणी कुणी दिलं? "मीच भरलं. क्षारांचं मला कळलं नाही," इवाबुची म्हणाला. वीस वर्षं मुरलेला जाणता माणूस! दोन वर्षं त्याला मालडबे हलवायला पाठवलं. मला तेव्हा त्याच्याइतकं जवळचं कुणीच वाटत नव्हतं. माझा बॉयलर पुन्हा पेटलाच नाही, म्हणून मला फक्त उन्हाळ्याच्या गाड्या उरल्या.

युनोहारावरून जाताना गावकरी फलाटावर यायचे. "आमचं पाणी प्यायलेलं इंजिन!" पुढे चालकाचा मदतनीस होऊन माझ्याकडे परतलेला इवाबुची दरवेळी टोपी काढून वाकायचा.

आता माझं कूळ निवृत्त झालंय. मी एका संग्रहालयात छपराखाली उभा आहे. इवाबुची गेला, तोमे आजीही गेल्या. आजींची लेक मात्र नातवंडांना घेऊन येते, माझ्या पोटावर थाप मारते आणि सांगते, "आमच्या पाण्यानं याचा जीव वाचला, बरं का!"

इवाबुचीनं मरेपर्यंत गावाजवळ तोंड उघडलं नाही. आज तुम्हाला सारं सांगून बसलो. कधी इकडे आलात आणि ती भेटली, तर तिचं सगळं ऐकून घ्या, आणि फक्त "हो" म्हणा.