एका वेळी एक डोळा

संभाजीनगरच्या कॉलेजात ऑप्टोमेट्रीला दैवशालाचा नंबर लागला हे घरात सकाळी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाटूर फाट्यावर बॅनर झळकला. राधेश्यामकाकांचं काम असंच. तिचे वडील शेतात रमणारे, त्यामुळे चारचौघांत घराचा जो काही थाट दिसायचा तो थोरले म्हणून काकांच्या हातून. बॅनरवर दैवशालाचा हॉलतिकिटावरचा घाबरलेला फोटो, त्याच्या दुप्पट आकाराचा काकांचा हसरा फोटो, आणि वर ठळक लाल अक्षरांत ‘डॉ. दैवशाला’. खाली शुभेच्छुकांची बारीक अक्षरांतली रांग. तीत काकांचं नाव दोनदा होतं.

ते बघून दैवशाला गारच पडली. ती डॉक्टर होणार नव्हती. तिने काकांना तीनदा समजावून सांगितलं होतं, की ऑप्टोमेट्रिस्ट नजर तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो, डोळ्यात काही बिघाड दिसला तर वेळेत डॉक्टरकडे पाठवतो, ऑपरेशन डॉक्टरचं. त्यासाठी चार वर्षं शिकावं लागतं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं होतं, “म्हंजी चष्म्याचं दुकान?” त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुकानात वाईट काही नव्हतं. पण आपण जीव लावून निवडलेल्या कामाला आपल्याच घरात नाव नाही, हे तिला फार लागलं. आणि आता काकांनी नाव दिलं, तेही दुसऱ्याचं.

निवड तिने उगाच केली नव्हती. मे महिन्यात जालन्याला मस्तगडात मावशीकडे राहून ती पंधरा दिवस डोळ्यांच्या एका दवाखान्यात नुसती बघायला बसत होती. तिथे अलमास मॅडम नजर तपासायच्या. ‘ही काच बरी की ही?’ असं विचारलं की खेड्यातली माणसं भिडेपोटी म्हणायची, दोन्ही बराबर आहेत, तुम्ही म्हणाल ती द्या. मॅडम न कंटाळता आठ-आठ वेळा विचारायच्या. एकदा त्या दैवशालाला म्हणाल्या होत्या, की माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून जगतो, म्हणून एक गेला तरी दुसरा त्याला कळू देत नाही. तपासायचं ते एका वेळी एक डोळा. हेच आपलं काम, हे दैवशालाने त्या खुर्चीवर बसून ठरवलं.

बॅनरचा परिणाम दुसऱ्याच सकाळी दिसला. शेजारचा कडूबा लाल डोळा घेऊन ओट्यावर येऊन बसला आणि औषधाचा थेंब मागू लागला. मागून सोनूबाई आली, तिला चष्मा हवा होता. मला अजून काही येत नाही, परतूरच्या सरकारी दवाखान्यात जा, असं दैवशाला हात जोडून सांगत राहिली. बोर्ड लावायचा आणि डोळा बघायचा नाही, ही कुठली रीत, असं पुटपुटत कडूबा गेला.

संध्याकाळी ती काकांना घेऊन फाट्यावर गेली आणि रस्त्यापलीकडे उभी राहून म्हणाली, की त्यातलं ‘डॉ.’ तेवढं काढा, लोक फसून राहिलेत. काकांचं तोंड उतरलं. “काढलं तर मंग काय लिहू? लोक विचारतील, पोरगी हाय तरी कोन?” काका बॅनरकडे बघत राहिले, आणि बघताना त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली. दैवशालाने ती वळलेली मान पाहिली.

“काका, डावा डोळा तळव्यानं झाका. दाबू नका. आता वाचा.”

काकांनी हसत हसत शेवटच्या शुभेच्छुकापर्यंत सगळं वाचलं. तिने आता उजवा झाकायला सांगितलं.

“मधी कोनी उभं राह्यलं का?” त्यांनी हळूच विचारलं. मध्ये कुणी नव्हतं. “धुकं पडल्यावानी दिसून राह्यलं, दैवशाले.”

ती हादरली, पण तिने आवाज तसाच ठेवला. काय आहे ते मला सांगता येणार नाही, पण उद्या पहिल्या गाडीने आपण जालन्याला जायचं, असं ती म्हणाली. काकांनी मान डोलावली आणि कुणाला सांगू नको एवढंच बजावलं.

दवाखान्यात अलमास मॅडमनी काकांना अर्धा तास तपासलं. मग डॉक्टर आले, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, पिकलेला मोतीबिंदू आहे, बाकी डोळा ठणठणीत, काढून टाकू. दैवशालाचा जीव भांड्यात पडला. डोळ्यात बसवायच्या भिंगाचं माप मॅडमनीच घेतलं, आणि ऑपरेशननंतर पट्टी निघाल्यावर पाटीवरची अक्षरंही त्यांनीच वाचायला लावली. काकांनी खालून दुसरी ओळ वाचली. मग तुम्ही इथल्या धाकट्या डॉक्टर का, असं त्यांनी अदबीने विचारलं. मॅडम हसून म्हणाल्या, “नाही काका, मी ऑप्टोमेट्रिस्ट. तुमची पुतणी शिकणार आहे तेच.” परतीच्या गाडीत काका खिडकीकडे तोंड करून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते.

फाट्यावर उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता, आणि कडूबा हॉटेलच्या बाकावरून उठून आलाच. डॉक्टरीणबाईंनी काकाचा डोळा बरा केला म्हणे, असं तो जरा टोचूनच बोलला. दैवशाला खुलासा करणार, तोच काकांनी हात वर केला.

“डॉक्टर न्हाई ती. डोळा डॉक्टरनं बरा केला. पर तो गेल्ता, हे मलाबी ठाऊक नव्हतं, माझ्या घरच्यालाबी नव्हतं. ते हिनं पाह्यलं. त्याच कामाचं शिक्षण घ्यायला चालली. ऑप्टोमेट्रिस्ट म्हन्तेत त्याला.”

शब्द त्यांनी सावकाश, एकही अक्षर न गाळता उच्चारला. सगळ्या वाटेत बहुतेक तोच घोकत आले असावेत. कडूबाने पुन्हा विचारलं, काकांनी पुन्हा सांगितलं. दैवशालाला भरून आलं, आणि भर फाट्यावर तिने पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली.