पडद्यावरचा डाग

मित्रांनो, मी एक जुना, वीतभर रुंदीचा पडदा आहे. बास्केटबॉलच्या मैदानालगत, गुण मांडणाऱ्यांच्या टेबलावर माझी जागा होती. पंचांना शंका आली की घडून गेलेला क्षण ते माझ्यावर पुन्हा पाहायचे. काम एवढंसंच, पण तेवढा वेळ अख्खं सभागृह श्वास रोखून बसायचं!

शिट्टीमास्तरांचं आणि माझं आधी मुळीच जमलं नाही. तीस वर्षं पंच म्हणून काढलेला माणूस. "माझे डोळे काय भाड्याने आणलेत?" असं ते सगळ्यांना ऐकवायचे. त्यात माझी बटणं सांभाळायला नेमली त्यांचीच लेक, म्हणजे घरचाच आहेर! पण हळूहळू ते निवळले. सामन्याआधी मला एक टपली मारून मगच मैदानात जायचे.

एक खोड मात्र सगळ्यांनाच होती. वाद झाला की जो तो घामट बोट माझ्यावर टेकवून "इथे बघा, इथे" म्हणणार. माझ्या तोंडाची पार रया जायची. पुसायचं मात्र कुणाच्या मनात यायचं नाही.

मग मास्तरांचा निवृत्तीआधीचा शेवटचा सामना आला, तोही अंतिम. एका गुणाने मागे असलेल्या यजमान संघाने वेळ संपता संपता चेंडू फेकला आणि तो जाळीतून गेला. मास्तरांनी गुण दिले. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पण वेळ संपल्याचा लाल दिवा लागण्याआधी चेंडू हातातून सुटला होता का?

मास्तर माझ्यासमोर वाकले. लेक एकेक चित्र पुढे सरकवू लागली. दिवा लागला, आणि नेमका खेळाडूच्या बोटांवर माझ्या तोंडावरचा भलामोठा डाग! नीट दिसलं नाही तर पंचाचा पहिला निर्णय कायम, असा नियम. मास्तर कौतुक ऐकत घरी गेले असते. लेकीलाही ते कळत होतं.

"बाबा, स्पष्ट दिसत नाहीये," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी शर्टाचं टोक ओढून माझं तोंड पुसलं, शेंबड्या पोराचं पुसावं तसं. दिवा लाल होता आणि चेंडू अजून बोटांवरच होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले आणि जाऊन त्यांनी गुण रद्द केले. लोकांनी नको नको ते ऐकवलं. लेकीने डोळे टिपले. मला मात्र त्यांचा इतका अभिमान वाटला, काय सांगू!

पुढे मोठे पडदे आले आणि मी अडगळीत गेलो. मास्तरांनीच मला शोधून नव्या पंचांच्या वर्गात आणलं. माझा एक कोपरा आता काळा पडलाय, पण ते दृश्य अजून लख्ख दिसतं. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. निर्णय देण्याआधी मला जरा पुसत जा.

परवा एका नव्या पंचबाईंनी विचारलं, "हे नक्की कुणाचं चुकलं होतं?"

"माझं. हे बघा, इथे," म्हणत मास्तरांनी माझ्यावर बोट टेकवलं. मग जीभ चावली, खिशातून फडकं काढलं आणि डाग पुसून टाकला.