रिकामा असताना दोन रेघा खाली

आडवा पडूनच बोलतो, राग मानू नका. उभं लटकायचं त्राण आता अंगात नाही. मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा. वर कडी, खाली आकडा, मध्ये नळीत एक स्प्रिंग आणि पट्टीवरच्या रेघांवरून सरकणारी लाल सुई, एवढाच माझा संसार. आकड्याला काही टांगा किंवा आकडा धरून ओढा. स्प्रिंग ताणली जाते, सुई सरकते आणि किती जोर लागला ते सांगते. याहून जास्त मला काही येत नाही. पण जेवढं येतं तेवढं नीट येतं. ज्यांना पुष्कळ काही येतं, त्यांच्याबद्दल मी असं छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईने मला खुंटीला टांगलं, रिकामा असताना सुई जिथे थांबली तिथे शून्य लिहिलं आणि मग ठरलेली वजनं लावत एकेक रेघ मारली. म्हणजे माझी सुरुवातच रिकामा असण्यापासून झाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्याच दिवशी, त्याच खुंटीवर माझा जुळा भाऊ जन्मला. एकाच खोक्यात झोपून आम्ही इथे आलो.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. तेव्हाच्या बाई आम्हाला बिनधास्त मुलांच्या हातात द्यायच्या. दप्तर टांगा, बूट टांगा, एकाने तर मित्राची शेंडी अडकवायचा प्रयत्न केला होता. आरडाओरडा व्हायचा, धडा मागे पडायचा, बाईंना वरून बोलणी बसायची. बाई गेल्या आणि आम्ही कपाटात गेलो. कपाटाला कुलूप. वस्तू खराब होऊ नयेत म्हणून त्या वापरायच्याच नाहीत, ही मोठ्या माणसांची अक्कल.

मला बाहेर काढलं ते भलत्याच कामासाठी. एका सुट्टीत जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत द्यायच्या होत्या आणि शिपाईकाकांचा रद्दीवाल्याच्या तराजूवर विश्वास नव्हता. काकांनी मला दाराच्या कडीला अडकवलं आणि करकचून बांधलेला गठ्ठा माझ्या आकड्याला लावला. सुई शेवटच्या रेघेच्याही खाली गेली. "अरेच्चा, हा मावतच नाही यात," काका म्हणाले, आणि त्यांनी दुसरा गठ्ठा लावून बघितला. तोही मावला नाही. मग तिसरा. वस्तुमान म्हणजे काय, वजन म्हणजे काय, दोन्हींत फरक काय. घोकून लिहिलेलं, चुकीचं लिहिलेलं, खोडून पुन्हा चुकीचं लिहिलेलं. कित्येक वर्षांचं ते सगळं मी एका दुपारी पेललं.

गठ्ठे उतरले. माझी सुई मात्र पुरती वर आली नाही. शून्याच्या दोन रेघा खाली थांबली, ती कायमचीच. स्प्रिंगला मर्यादेपलीकडे ताणलं की ती पूर्ववत होत नाही. तेही त्या उत्तरपत्रिकांमध्ये लिहिलेलं असणार म्हणा.

मी हे कधी लपवलं नाही. लपवणार तरी कुठे? सुई लाल आहे. मला नुसतं टांगा आणि बघा, एवढंच काम. पण बघायला कुणाला वेळ आहे?

आताच्या सरांना तर मुळीच नव्हता. मुलं त्यांना 'पुढेसर' म्हणायची, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'पुढे' या शब्दावर संपायचं. पोर्शन संपवायचा, उजळणी घ्यायची, पुढे. माणूस वाईट नव्हता. घसा बसलेला, डोळ्यांखाली काळं, दिवसभर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात. थकलेलं कोण असतं ते मला कळतं. पण थकवा माझाही आहे, म्हणून मी काही चुकीची सुई मुद्दाम पुढे ढकलत नाही.

दर वर्षी गतीच्या तिसऱ्या नियमाच्या दिवशी ते आम्हा दोघा भावांना कपाटातून काढायचे. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाच्या हातात मी, सगळ्यात किरकोळ मुलीच्या हातात माझा भाऊ. आकड्यात आकडा अडकवायचा आणि दोघांनी ओढायचं. दांडगा मुलगा आणि किरकोळ मुलगी बघून वर्गाला हसू फुटायचं, म्हणून ही जोडी ठरलेली. आणि नेहमी मीच दांडग्याच्या हातात, कारण त्या गठ्ठ्यांनी ताणून माझी कडी मोठी केलेली. दोन्ही काट्यांवर सारखाच जोर दिसायला हवा, कारण दोघं एकमेकांना सारखंच ओढतात. एकाने कितीही दात-ओठ खाल्ले तरी. पण मी आधीच दोन रेघा खाली. त्यामुळे दर वर्षी दांडग्याचा काटा दोन रेघा जास्त दाखवायचा.

सर फळ्याकडे तोंड करून विचारायचे, "किती आलं?" आणि उत्तर न ऐकताच म्हणायचे, "समान! लिहा, समान आणि विरुद्ध. पुढे!"

मुलं वहीत 'समान' लिहायची आणि माझ्याकडे बघून एकमेकांना डोळा मारायची. बघ, जोर जास्त तर आकडा जास्त. वहीत एक, डोक्यात दुसरं. असं शिकून किती वर्गांची मुलं बाहेर पडली, ते मी मोजलं नाही. मोजायचं बळ नव्हतं.

मग ती आली. अकरावीची मुलगी, अंगाने काडी. तिचं बोलणं नेहमी एकाच शब्दाने सुरू व्हायचं, म्हणून वर्गाने तिचं नावच 'पण' ठेवलं होतं. त्या वर्षीची किरकोळ मुलगी तीच. समोर, मला धरून, वर्गातला पहिलवान.

"किती आलं? समान. लिहा..."

"पण सर, माझा काटा कमी दाखवतोय."

"समान लिही."

"पण दिसतंय कमी. समान लिहू कसं?"

"अगं, तू कमी ओढलंस म्हणून कमी आलं! बस आता खाली. पुढे!"

वर्ग हसला. पहिलवानाने दंड फुगवून दाखवला. ती मात्र हसली नाही. तिने आधी फळ्यावरच्या 'समान'कडे पाहिलं, मग सरांकडे. एकाच दमात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. हे साऱ्या वर्गात फक्त तिला खटकलं.

सहामाहीत प्रश्न आला: ट्रक आणि सायकलची धडक झाली तर जास्त बल कोणावर? बाकीच्यांनी 'समान' लिहून गुण घेतले आणि जिन्यात म्हणाले, "सायकलवर जास्त असणार रे, पण लिहायचं समान." तिने डोळ्यांनी पाहिलं होतं तेच, 'समान नाही' असं लिहिलं, वर सरांचं 'कमी ओढलं म्हणून कमी' हे वाक्यही जोडलं. शून्य. पेपरात असं आणखी बरंच होतं. भौतिकशास्त्रात ती नापास झाली.

काही दिवसांनी तिची आई आणि मामा सरांना भेटायला प्रयोगशाळेतच आले. मामाचं टायरचं दुकान होतं आणि घरातले मोठे निर्णय तोच घेत असावा, कारण खुर्चीत बसल्या बसल्या बोलायला त्यानेच सुरुवात केली.

"सर, आमचं ठरलंय. पोरीला वाणिज्यला टाकतो. संध्याकाळी दुकानात बसेल, हिशेब बघेल. हे सायन्स तिच्या डोक्यात शिरत नाही."

"शिरतं रे दादा," आई हळूच म्हणाली. "गणितात बघ ना किती चांगले गुण आहेत."

"तू मध्ये बोलू नकोस. सर, तुम्ही सांगा, जमेल हिला?"

पुढेसरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मुलगी हुशार आहे हो. पण प्रश्न फार. एवढ्या-तेवढ्यावर अडून बसते. अजून फेरपरीक्षा आहे म्हणा. पण पुढचा अभ्यासक्रम अवघड. मला वाटतं, बदललेलं बरं."

तिघं तिच्याबद्दल बोलत होते आणि ती तिथेच, कपाटापाशी उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मोठ्यांची ही सवय मी कपाटातून अनेक वर्षं बघतोय. ज्याच्या पायाखालची जमीन काढायची, त्यालाच बाजूला उभं करतात.

कपाट उघडं होतं. तिने आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि आकड्यात आकडा अडकवला.

"मामा, हे धर जरा."

"आता काय खेळतेस का?"

"धर ना. एकदाच. मग दुकानात बसेन, तू म्हणशील तितके दिवस."

मामा उठला. त्याच्या हातात मी, तिच्या हातात माझा भाऊ. दोघांनी ओढलं.

"तुझा किती? माझ्यापेक्षा दोन रेघा जास्त ना?"

"मग? मामा आहे तुझा. खाल्लेलं दिसतं अंगावर."

"आता अदलाबदल करू."

ही गोष्ट आजवर कुणी केली नव्हती. एवढी साधी गोष्ट! इतकी वर्षं आम्ही हातातून हातात गेलो, पण दांडग्याचा काटा किरकोळ मुलीला द्यावा, असं कुणाला सुचलं नव्हतं. आता मी तिच्या काटकुळ्या बोटांत होतो आणि भाऊ मामाच्या मुठीत. दोघांनी ओढलं. दोन रेघा जास्त माझ्याच होत्या.

"मामा, आता माझा जोर जास्त झाला?"

"छे! थांब, मी नीट ओढलंच नव्हतं." मामाने बाह्या सरसावल्या आणि जीव खाऊन ओढलं. भावाची सुई सरसर खाली गेली. तिच्या हातातली माझीही गेली, तितकीच, दोन रेघांचा फरक ठेवून. तिने काही केलं नव्हतं. ती नुसती रबरी तळव्यांचे बूट रोवून उभी होती. फरशी काकांनी नुकतीच पुसलेली. मामाच्या पायात कातडी तळव्यांचे नवे बूट. तो अजून मागे रेलला आणि सुर्रकन घसरत थेट भाचीच्या पायाशी आला.

आई तोंडाला पदर लावून हसली. पुढेसर खुर्चीतून अर्धे उठले.

"जोर तुझा, घसरलासही तूच," मुलगी म्हणाली.

मामा फरशीवर बसूनच स्वतःच्या बुटांचे तळवे बघू लागला. "गुळगुळीत टायर," तो पुटपुटला. "गिऱ्हाइकांना रोज सांगतो, बदला म्हणून."

पण मुलीचं लक्ष मामाकडे नव्हतं. तिने माझा आकडा सोडवला आणि मला रिकामाच डोळ्यांसमोर धरलं. कारखान्यातल्या त्या बाईनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला रिकामा बघत होतं. काय सांगू तुम्हाला! रडता येत नाही मला. सुई तेवढी थरथरली.

"सर, हा रिकामा असतानाच दोन रेघा खाली आहे," ती म्हणाली. "त्या वजा केल्या तर समानच येतं. मी ओढलं तरी, मामाने ओढलं तरी. आणि हरतो तो कमी ओढतो म्हणून नाही, त्याचे पाय जमिनीला धरत नाहीत म्हणून. नियम बरोबरच होता. मग मला का म्हणालात, तू कमी ओढलंस म्हणून?"

पुढेसरांनी मला हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, खूप वेळ पाहिलं. तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणणार, 'पुढे'. पण त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

"काट्याची चूक आहे," ते म्हणाले.

"काट्याची कशी? काटा तर सांगतोय. बघितलं कुणी नाही."

मामा कपडे झटकत उठला. बहिणीकडे न बघता म्हणाला, "फेरपरीक्षा कधी आहे म्हणालात, सर?"

ती फेरपरीक्षेत पास झाली, विज्ञानातच राहिली. ट्रकवाला प्रश्न पुन्हा आला होता म्हणे. तिने कारणासकट 'समान' लिहिलं.

आणि माझं काय? मला पुढेसरांनी 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. भावालाही माझ्या शेजारीच. जोडी बिघडली की दोन्ही बाद. आमच्या जागी नवे चकचकीत काटे आले. मला वाटलं, चला, सुटलो. आता तरी मुलांना डोळ्यांनी समान दिसेल.

यंदा तिसऱ्या नियमाचा दिवस आला. पुन्हा एक दांडगा मुलगा, पुन्हा एक किरकोळ मुलगी. त्यांनी ओढलं. दोन्ही काट्यांवर अगदी सारखं. सर या वेळी फळ्याकडे नाही, काट्यांकडे बघत होते, एवढं खरं. "बघा, समान!" ते समाधानाने म्हणाले. वर्गाने वह्यांत लिहिलं. आणि तो दांडगा मुलगा शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला, "बिघडलेत वाटतं. माझं जास्त यायला पाहिजे ना."

मी वर पडून ऐकलं. अंगातली सगळी तार ढिली पडल्यासारखं झालं. चूक दाखवणारा काटा द्या, मुलं त्यावर विश्वास ठेवतात. बरोबर दाखवणारा द्या, मुलं त्यालाच बिघडलेला म्हणतात. नुसतं दाखवून होत नाही, हे मला आता, या वयात कळलं.

पण ते कुजबुजणं आणखी कुणीतरी ऐकलं होतं. बारावीतली एक मुलगी भिंग मागायला दारात आली होती. तीच.

"पण सर," ती म्हणाली.

सर तिच्याकडे वळले. खडू खाली ठेवला. मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं, चढले, मला खाली काढलं, चिठ्ठी नखाने खरवडली आणि मला तिच्या हातात दिलं. तिने मला त्या दांडग्या मुलाकडे सरकवलं, त्याच्या हातातल्या नव्या काट्याच्या जागी.

"आधी रिकामा बघ," ती म्हणाली. "मग ओढ. मग अदलाबदल कर. आणि जे दिसेल तेच बोल, काय लिहायचं ते नाही."

मुलाने मला डोळ्यांसमोर धरलं. मोठे डोळे, नाकावर शाईचा डाग. माझ्या अंगात आता फार जोर उरलेला नाही. पुन्हा ओढतील, पुन्हा ताणतील, एखाद्या दिवशी आकडाच निघून येईल. येऊ दे. ओढा बाबांनो, हवं तितकं ओढा. फक्त त्याआधी एकदा, मी काहीच उचललेलं नसताना, माझ्याकडे बघा.