आतल्या बाजूने

मिस्त्रींनी लाकडी जमिनीतली भिंतीलगतची फळी उचकटली, पोटावर आडवे झाले आणि तुळईचं टोक विटांत शिरत होतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. दाबण्याआधी त्यांनी मान वळवून दोघींकडे पाहिलं.

"आत गेला तर लाकूड कुजलंय असं समजा. मग भिंतीचं राहू द्या, आधी अख्खी जमीनच काढावी लागेल."

वन्सं शाल घट्ट धरून दारात उभ्या होत्या. वहिनीच्या हातात बादली होती. रिकामीच, पण मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं.

खोली वन्संची. बाहेरची भिंत सलग विटांची, मध्ये पोकळी अशी नाहीच, त्यामुळे बाहेरचा गारवा थेट आत. दर थंडीत कपाटामागे बुरशी चढायची आणि तिच्या जोडीने वन्संचा खोकला. डॉक्टर म्हणाले होते, औषध देतो, पण खोली बदला. वन्सं कसल्या बदलतात. टेलिफोन ऑफिसात उभी हयात गेलेली बाई; लोकांचं ऐकायची सवय होती, ऐकून घ्यायची नव्हती.

मात्र भिंतीला आतून उबेचं अस्तर लावता येईल असं मिस्त्री म्हणाले, तेव्हा वन्सं एका शब्दात हो म्हणाल्या. तिथेच वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. घर अर्धं वन्संचं, अर्धं त्यांच्या भावाचं, म्हणजे आता वहिनीचं. भाऊ गेल्यावर थोड्याच दिवसांत एक दलाल येऊन गेला होता. वन्सं त्याच्याशी फाटकापाशी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही, आणि वहिनीने विचारलं नाही. लाकूड कुजकं निघालं तर घर विकावंच लागणार. धड निघालं तर दुरुस्त घराला गिऱ्हाईक चटकन मिळणार. इकडे आड, तिकडे विहीर.

मिस्त्रींनी सगळा भार देऊन दाबलं. टोक जेमतेम रुतलं. ते सरपटत पुढच्या तुळईकडे गेले, मग तिच्या पुढच्या.

"ठणठणीत आहेत," ते उठत म्हणाले. "जुनं लाकूड हे."

वन्संनी सोडलेला श्वास वहिनीला ऐकू आला. आणि आपण बादली पालथी घालून तिच्यावर बसलोय, हेही तिला तेव्हाच कळलं.

मग काम सुरू झालं. आधी बाहेरचा फुटका पाइप बदलला, कारण ओल्या भिंतीला झाकणं म्हणजे रोग आत कोंडणं. सिमेंटचा गिलावा खरवडला, विटा उघड्या ठेवून नीट वाळू दिल्या. तोवर वन्संची खाट वहिनीच्या खोलीत.

"वहिनी, तू झोपेत बोलतेस," एका सकाळी वन्सं म्हणाल्या.

"काय बोलते?"

"कुणाला तरी सांगतेस, पाय पुसून आत या."

दोघी चहा पीत राहिल्या. पाय न पुसता आत येणारं माणूस त्या घरात एकच होतं.

पुढे मिस्त्रींनी चुन्याच्या लगद्यात लाकडी भुशाचे जाड तक्ते बसवले. खिडकीच्या बगलांतही पातळ पट्ट्या घातल्या. तिथे कसूर केली तर थंडी तिथूनच वाट काढते, म्हणाले. वरून पुन्हा चुन्याचा गिलावा. खोली वीतभर लहान झाली.

थंडी पडली. वन्सं आपल्या खोलीत परतल्या. पहिल्या सकाळी खोकला ऐकू आला नाही म्हणून वहिनी घाबरून धावली, तर वन्सं शाल न घेता, भिंतीला पाठ टेकून पेपर वाचत बसलेल्या.

महिन्याभराने मिस्त्री ओल तपासायला आले. कोपरे चाचपून त्यांनी समाधानाने मान हलवली.

"आता वहिनीची खोली कधी घेताय?" वन्संनी विचारलं.

"माझी कशाला?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं. "गिऱ्हाईक एवढं थोडंच बघणार आहे."

"कसलं गिऱ्हाईक?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "तो दलाल आला होता ना, वन्सं."

"हो. त्यालाच म्हटलं, घर राहू दे, भिंतीचं काम जाणणारा कुणी असेल तर पाठव. त्यानेच तर यांना पाठवलं." वन्संनी तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, विकायचंच असतं तर वरून रंग मारला असता."

"बरेच जण तेच करतात," मिस्त्री म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

वहिनी मिस्त्रींकडे वळली.

"माझ्या खोलीतलं कपाट फार जड आहे. हलवावं लागेल ना?"

"लागेल. पण घाई नाही, पुढच्या आठवड्यात माणसं घेऊन येतो."

त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकेपर्यंत शेजारी वहिनीच्या खोलीतून लाकूड जमिनीवर घासल्याचा आवाज आला.

"तुमची बाजू उचला, वन्सं. ओढू नका."

"उचललीच आहे. तू आधी पाय बाजूला घे."