चुंबकाला भोक

खंडाळ्याच्या कादर लोहाराला जन्मात कुणी चोर म्हटलं नव्हतं. सदतीस सालच्या उन्हाळ्यात म्हटलं, आणि तेही वीतभर पोलादी पट्टीपायी.

पट्टी पुण्याच्या कॉलेजातल्या एका प्रोफेसरांची. सुट्टीत ते इथल्या बंगल्यात राहत. भोक पाडून आणायला त्यांनी ती रखवालदार अंबाजीच्या हाती धाडली. पट्टीला खिळे चिकटतात हे कादरने पाहिलं, पण चुंबक तापवू नये हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोलाद इतकं कडक की ड्रिल बोथट झालं. मग कुठलाही लोहार करील तेच त्याने केलं. पट्टी भट्टीत लालबुंद केली, मऊ पडावी म्हणून राखेत निवू दिली आणि सुबक भोक पाडलं. न्यायला आलेल्या अंबाजीने ती खिळ्याला लावून पाहिली. खिळा ढिम्म हलेना.

"ह्यो कुटला तुकडा माझ्या गळ्यात मारतोस? खरा चुंबक कुटं ठेवलास?"

कादर चक्रावला. तेच लोखंड, तेवढंच वजन, मग ओढ गेली कुठं? तो पट्टी घेऊन तडक बंगल्यावर गेला.

प्रोफेसर पट्टी न्याहाळून हसले. "तू चोरला नाहीस. लोखंडाचा कण न् कण चुंबक असतो. सगळ्यांची तोंडं एकीकडे असली की ओढ लागते. तापवलं की तोंडं विस्कटतात."

"पन पयल्यांदा एकीकडं कोन करतं, सायेब?"

प्रोफेसर खुलले. म्हणाले, शेजारशेजारच्या कणांतले इलेक्ट्रॉन कुठला कुणाचा हे ओळखताच येत नाही, आणि त्यातूनच शेजारी एका दिशेला वळतात. आठ-नऊ वर्षांमागे जर्मनीत याचं गणित मांडलंय. कादरने मान डोलावली. डोक्यात काडीइतकंही शिरलं नव्हतं, पण सुटल्याचा आनंद मोठा होता.

अंबाजीने तोवर चोरीचं गावभर केलं होतं. घरी बायको, नसीम, दारातच उभी होती.

"काय म्हनले सायेब?"

"मी चोर न्हाई म्हनले."

"मग चुंबक कुटंय?"

"त्या पट्टीतच हाय. पन न्हाईबी. कणांची तोंडं फिरली. कुठला कुनाचा त्ये कळत न्हाई, म्हनून..."

बोलता बोलता ते त्याचं त्यालाच खोटं वाटायला लागलं. त्याला भारी लाज वाटली.

"हात धुवा, वाढते," नसीम म्हणाली.

हात धुऊन तो आत आला, तेव्हा ती त्याच्या अवजारांची पेटी उपसत होती.